‘हे काय परके आहेत का?’

परदेशातल्या एका ताईंचं कोविडच्या साथीतलं हे पत्र. साथ सुरू झाल्यापासून त्या आईबाबांना रोज माहिती पाठवतात, दोघांना सगळं तोंडपाठ आहे. तरी परवा व्हिडिओ कॉलवर बघतात तर बाबांचा मास्क हनुवटीवर, खिडक्या बंद आणि खोलीत तीन मित्र गप्पा मारत बसलेले. विचारलं तर बाबा म्हणाले, ‘अगं, हे काय परके आहेत का?’ ताईंनी चिडून फोन ठेवला. आता त्या विचारतात, काय करू?

ताई, बाबांना माहिती कमी पडलेली नाही. धोका अनोळखी माणसाकडून येतो, आपल्या माणसाकडून नाही, हे त्यांच्या मनात घट्ट बसलंय. या साथीत कितीतरी घरांत असंच झालं. रस्त्यावर मास्क नीट, आणि ओळखीचं कुणी घरात आलं की लगेच खाली. खरं तर आपल्या माणसाजवळच आपण बंद खोलीत तासन्‌तास बसतो. शिवाय लक्षणं दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लागण पसरू शकते, त्यामुळे ‘तो तर ठणठणीत आहे’ यावर विसंबता येत नाही. बाबांना एवढं एकच सांगा. बाकीचे पंधरा मेसेज पाठवू नका. त्या ढिगात कामाची गोष्ट हरवते.

ते म्हणतील, ‘आधी मास्क नको म्हणाले, मग हवा म्हणाले, कुणाचं ऐकायचं?’ रास्त प्रश्न आहे, उडवून लावू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं 2020च्या सुरुवातीला निरोगी लोकांना सरसकट मास्क सुचवला नव्हता. संसर्ग पसरलेल्या भागात, जिथे अंतर राखता येत नाही अशा ठिकाणी तो वापरावा, हा सल्ला 5 जून 2020 रोजी आला. नवा आजार जसजसा कळत गेला तसतसा सल्ला बदलला, हे मोकळेपणानं कबूल करा. दुसरा टोला तुमच्यावरच येईल: ‘तुमच्याकडे तर सगळे तसेच फिरतात!’ प्रत्येक देशात लाट वेगळ्या वेळी येते, लसीकरणही मागेपुढे असतं, म्हणून नियमही वेगळे. पण तुमचे गर्दीतले फोटो त्यांच्यापर्यंत पोचतात, हे ध्यानात असू द्या.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. तुमच्या ओरडण्याला घाबरून उद्या ते ताप लपवतील. ‘ती तिकडे लांब, उगाच जिवाला घोर कशाला’ म्हणून आई चार दिवस गप्प राहील, आणि तेच चार दिवस महागात पडतील. म्हणून आजच दोघांना शब्द द्या: ताप आला, धाप लागली तर आधी मला सांगा, मी एका शब्दानं बोलणार नाही. आणि तो शब्द पाळा. रात्री गरज पडली तर दवाखान्यात कोण नेणार, रोजच्या औषधांची यादी कुठे ठेवलीय, हेही आत्ताच ठरवून टाका.

मित्रांना भेटू नका, असं मात्र सांगू नका. मुलं लांब असलेल्या माणसाचा दिवस त्या गप्पांवरच जातो. फोन करा, त्या दिवशी फोन ठेवल्याबद्दल आधी माफी मागा, आणि मग विचारा, ‘बाबा, चारही खुर्च्या बाहेर मोकळ्यावर मांडता येतील का?’