नातीचे वजन घटले, सुनेला घरी न्यावे का?

प्रश्न : माझी सून तिसाव्या आठवड्यातच बाळंत झाली. नातीचे जन्मवजन १२०० ग्रॅम होते, आज आठव्या दिवशी ते १११० भरले. तिला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात पेटीत ठेवले असून नळीने दर दोन तासांनी जेमतेम ६ मिलिलिटर दूध देतात. एवढ्याशा दुधावर ती वाढेल कशी? ओल्या बाळंतिणीला दवाखान्यात किती दिवस ताटकळत ठेवायचे, तिला घरी आणून बाळाला डब्याची पावडर सुरू करा, असे भावकीतल्या बायका म्हणतात. काय करावे?
– एक आजी, अंबड तालुका, जि. जालना

उत्तर : आजी, सुनेला घरी नेऊ नका. आज तुमच्या नातीला सर्वांत जास्त गरज तिच्या आईच्या दुधाची आहे, आणि ते दूध टिकायचे तर आई बाळाजवळच हवी.

पहिल्या आठवड्यात अंगातील जादा पाणी उतरते, त्यामुळे दिवस पुरे न भरलेल्या बाळाचे वजन दहा टक्क्यांपर्यंत, कधी त्याहून थोडे अधिकही घटते. नातीचे ९० ग्रॅम त्या मर्यादेतच आहेत. साधारण दहा ते चौदा दिवसांत जन्मवजन भरून निघते आणि पुढे तिच्यासारख्या बाळाने रोज सुमारे १८ ते २४ ग्रॅम वाढावे, अशी अपेक्षा असते. एका दिवसाच्या आकड्यावरून मात्र घाबरू नये, कारण डॉक्टर आठवड्याची चढण पाहतात आणि डोक्याचा घेर व लांबीही मोजतात.

दूध थोडे दिले जाते, कारण तिचे आतडे अजून कोवळे आहे. बाळाला पचते आहे असे पाहत ते रोज वाढवतात आणि पुढे प्रत्येक वेळचे दूध १५ ते १८ मिलिलिटरपर्यंत जाते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो, तोवर नळीच सुरक्षित असते. डब्याच्या पावडरीने अशा बाळाच्या आतड्याला जीवघेणी सूज येण्याचा धोका वाढतो. आईचे दूध, त्यातही पहिले चिकाचे, त्यापासून पुष्कळ संरक्षण देते. पुढे दवाखान्यातच आईच्या दुधात एक पूड मिसळतील, तेव्हा गोंधळू नका : ती प्रथिने, कॅल्शियम व फॉस्फरसची भर घालण्यासाठी असते, आईच्या दुधाऐवजी नव्हे.

बाळ अंगावर पीत नसल्यामुळे सुनेने दिवसरात्र मिळून आठ ते दहा वेळा, रात्री एकदा तरी, स्वच्छ हातांनी दूध पिळून काढले पाहिजे. सुरुवातीला वाटीचा तळही भिजत नाही आणि बाळंतीण खचते. तिला त्या वेळी 'दूधच नाही' असे कोणी म्हणू नये, एवढी काळजी तुम्ही घ्या. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर अवश्य द्या, परंतु दूध वाढते ते वारंवार काढल्यानेच. गावाहून डब्यात पाठवलेले दूध उन्हात खराब होण्याची भीती आहे, शिवाय दूर गेलेल्या आईचे दूधही आटत जाते.

डॉक्टरांनी संमती दिली की बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवण्याची कांगारू पद्धत सुरू करा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाचे ८ ते २४ तास असे धरावे, असे सांगते. त्याने ऊब टिकते, दूध उतरते आणि वजनही चांगले वाढते. सून झोपेल तेव्हा तुम्हीही नातीला छातीशी घेऊ शकता. तशी परवानगी तेथील सिस्टरांना आजच विचारा.