कोविडच्या काळात इंग्लंडमध्ये शाळकरी मुलांच्या आयसोलेशनचे नियम इतके गोंधळाचे का होते? पालकांनी आवाज का नाही उठवला?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग वाचला आणि राहवलं नाही. आवाज उठवला नाही असं कुणी सांगितलं? भरपूर उठवला. फक्त तो सरकारवर कमी आणि एकमेकांवर जास्त उठवला. माझी एक जुनी मैत्री त्यात गेली, म्हणून हे लिहितेय.

आम्ही बर्कशायरमध्ये राहतो. तेव्हा मुलगी सेकंडरीत होती, मुलगा प्रायमरीत. मी केमिस्टच्या दुकानात काउंटरला असते. 2021च्या वसंतात एलएफटीचे, म्हणजे घरच्या घरी करायच्या झटपट कोविड टेस्टचे, सात-सात टेस्टचे डबे फुकट वाटायचं काम आमच्याकडे आलं. डबा घ्यायला आलेली आई हमखास विचारायची, "आमच्या शाळेचं पत्र असं म्हणतंय, मग आता पाठवायचं की नाही?" मी काय सांगणार? माझ्याच पर्समध्ये दोन मुलांच्या दोन शाळांची दोन पत्रं असायची आणि त्यांचा एकमेकांशी मेळ नसायचा.

गोंधळाचं मूळ सांगते. जुलै 2021 पर्यंत शाळेतले कॉन्टॅक्ट, म्हणजे पॉझिटिव्ह मुलाच्या जवळ आलेली मुलं, शोधायचं काम हेडटीचरांच्या गळ्यात होतं. दोन मीटरच्या आत पंधरा मिनिटं कोण कोणाजवळ होतं, हे आठ वर्षांच्या पोरांच्या बाबतीत त्यांनी ठरवायचं! कुणी बसण्याचा तक्ता काढून पाच-सहा मुलं घरी पाठवायचं, कुणी अख्खा वर्ग, सेकंडरीत तर कधी अख्खं इयर. एकत्र ठेवलेल्या मुलांचा गट म्हणजे बबल, आणि तो असा घरी गेला की बबल फुटला, असं सगळे म्हणायचे. नोव्हेंबर 2020 मध्ये मुलाचा बबल फुटला तेव्हा तीसच्या तीस मुलं 14 दिवस घरी. त्याच घरातली मुलगी मात्र रोज शाळेत आणि नवरा कामावर, कारण कॉन्टॅक्टचा कॉन्टॅक्ट मोजायचा नाही असा नियम. मुलाजवळ मी बिनपगारी थांबले. आजारपणाचा सरकारी भत्ता आठवड्याला 95 पौंड 85 पेन्स होता, तोही मिळाला नाही, कारण मी स्वतः आजारीही नव्हते आणि कॉन्टॅक्टही नव्हते. महिनाभरात, 14 डिसेंबरला, 14 दिवसांचे 10 झाले. मुलगा म्हणाला, "मग माझे चार दिवस परत देणार का?" त्याला काय उत्तर द्यायचं ते मला आजही सुचलेलं नाही.

वर दंडाची भीती दोन्हीकडून. मुलाला विनापरवानगी घरी ठेवलं तर तेव्हा 60 पौंड, वेळेत भरले नाहीत तर 120. आणि टेस्ट अँड ट्रेस या कॉन्टॅक्ट शोधणाऱ्या सरकारी यंत्रणेने आयसोलेट व्हायला सांगितलं असताना बाहेर पडलं तर हजार पौंडांपासून पुढे. माझ्यासारखी, जिच्या नवऱ्याच्या व्हिसाची फाइल अजून होम ऑफिसकडे पडून होती, ती काय आवाज उठवणार? हाही तुमच्या प्रश्नाचा एक भाग समजा.

जुलै 2021 मध्ये तर कहर झाला. इंग्लंडमधली दहा लाखांहून जास्त मुलं कोविडच्या कारणाने शाळेबाहेर होती आणि त्यातली बहुतेक आजारी नव्हती, नुसती कॉन्टॅक्ट होती. आमच्या शाळेत स्पोर्ट्स डेला आईबापांना मैदानाच्या कुंपणापाशीसुद्धा उभं राहू दिलं नाही. त्याच महिन्यात, 11 तारखेला, लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर युरो फुटबॉलची फायनल साठ हजारांहून जास्त लोकांनी गळ्यात गळे घालून पाहिली. आठवड्याभराने आरोग्यमंत्री साजिद जाविद पॉझिटिव्ह आले. त्यांचे कॉन्टॅक्ट म्हणजे पंतप्रधान बोरिस जॉन्सन आणि अर्थमंत्री ऋषी सुनक. दोघांनी रविवारी सकाळी जाहीर केलं की आम्ही आयसोलेट होणार नाही, रोज टेस्ट करायच्या प्रयोगात आहोत. लोक इतके भडकले की काही तासांत शब्द फिरवावा लागला. माझा मुलगा तेव्हा दुसऱ्यांदा फुटलेल्या बबलचे दिवस काढत खिडकीत बसला होता.

मग 16 ऑगस्टपासून एकदम उलटं. कॉन्टॅक्ट मुलांनी आयसोलेट व्हायचंच नाही. घरात सख्खा भाऊ पॉझिटिव्ह असला तरी बहिणीने शाळेत जायचं, फक्त पीसीआर, म्हणजे प्रयोगशाळेत तपासली जाणारी टेस्ट, करून घ्या असा सल्ला. काही ठिकाणच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी भावंडांना काही दिवस घरी ठेवा असं परस्पर सांगितलं, म्हणजे पुन्हा प्रत्येक गावाचा नियम वेगळा.

आता माझी गोष्ट.

27 सप्टेंबर 2021, सोमवार. मुलाला सर्दी, डोकं दुखतंय. ताप नाही, खोकला नाही, वास-चव शाबूत. तेव्हा सरकारी यादीत ही तीनच लक्षणं होती, त्यामुळे कागदोपत्री पोरगा ठणठणीत. प्रायमरीच्या मुलांची टेस्ट करा असंही कुणी सांगितलं नव्हतं. पण मुलीच्या शाळेसाठी आणलेला डबा घरात होता, म्हणून केली. सी समोर ठळक रेष आली. टी समोर, म्हणजे जिथे रेष आली की पॉझिटिव्ह, दहाव्या मिनिटाला पुसट आणि अर्ध्या तासाने चांगली गुलाबी. मी ती पट्टी ओट्यावरच्या दिव्याखाली धरली, नवऱ्याला दाखवली. त्यालाही दिसली.

नियम स्पष्ट होता: घरी थांबा आणि दोन दिवसांत पीसीआर करा. त्या आठवड्यात पेट्रोलची टंचाई चालू होती, पंपांवर मैलभर रांगा. टाकीत जेमतेम होतं त्यावर सेंटरला गेलो. बुधवारी सकाळी 7 वाजून 12 मिनिटांनी मेसेज आला: निगेटिव्ह.

मी 119 या कोविड हेल्पलाइनला फोन केला. पलीकडची बाई म्हणाली, पीसीआर निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह, एलएफटी विसरा, त्याला शाळेत पाठवा. शाळेच्या ऑफिसात विचारलं. तिथेही तेच, आणि वर "आजपासूनची गैरहजेरी विनापरवानगी धरली जाईल." मी हट्टाने तो एक दिवस घरी ठेवला. गुरुवारी पाठवला.

त्याच्याच टेबलावर माझ्या मैत्रिणीचा मुलगा बसायचा. आमची ओळख इथल्या मंडळात झाली होती, गणपतीचे मोदक एकत्र केलेले. तिच्या सासूबाई ऑगस्टअखेर कोल्हापूरहून आल्या होत्या. कोव्हिशील्डचे दोन्ही डोस झालेले, पण आपलं सर्टिफिकेट इथे तेव्हा मानत नव्हते, म्हणून त्या माउलीने नातवाला घरातल्या घरात लांब ठेवून दहा दिवस वरच्या खोलीत काढले होते. पुढच्या मंगळवारी नातू पॉझिटिव्ह आला. शनिवारी त्या. मग तीन रात्री हॉस्पिटलात, ऑक्सिजनवर.

मी जेवणाचा डबा घेऊन मैत्रिणीकडे गेले आणि दारातच, तिला माझ्याकडूनच कळायला हवं म्हणून, एलएफटीचं सांगितलं. डबा तिने घेतला. रात्री साडेबाराला मेसेज आला: "तुला माहीत होतं." बस, एवढंच. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या ग्रुपवर मात्र सविस्तर आलं, की काही लोक पॉझिटिव्ह मुलांना शाळेत पाठवतात, पगार बुडू नये म्हणून.

15 ऑक्टोबरला सरकारने जाहीर केलं की एका खासगी प्रयोगशाळेने महिनाभर चुकीचे निकाल दिले. अंदाजे 43,000 लोकांना पॉझिटिव्ह असताना निगेटिव्ह सांगितलं गेलं असावं. बहुतेक दक्षिण-पश्चिम इंग्लंडमधले, पण आमच्याकडचं सेंटरही त्यात होतं. एलएफटी पॉझिटिव्ह आणि पीसीआर निगेटिव्ह असे लोक काउंटरवर तीन आठवडे येत होते, आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघत होतो आणि नियमाप्रमाणे "पीसीआर खरी" असंच सांगत होतो. आणि पुढे 11 जानेवारी 2022 पासून नियमच बदलला. एलएफटी पॉझिटिव्ह आली की तीच खरी, खातरजमेची पीसीआर नको.

म्हणजे ओट्यावरच्या दिव्याखाली मला जे दिसलं होतं, ते मानायची परवानगी साडेतीन महिन्यांनी मिळाली.

ही बातमी मी ग्रुपवर टाकली. तिने वाचली, निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

तर माझं मत स्वच्छ आहे. नियम धरसोडीचे होते हा एक गुन्हा, पण त्याहून मोठा गुन्हा हा की ठरवायचं सरकारने आणि दोष घ्यायचा आईने. शाळा उघड्या ठेवा म्हणणाऱ्या पालकांची अस फॉर देम ही चळवळ होती. उलट बाजूच्या पालकांनी 1 ऑक्टोबर 2021 ला, शाळा सुरक्षित नाहीत म्हणून, मुलांना घरी ठेवायची हाक दिली होती. दोघांचीही बाजू खरी होती आणि दोघे गेटवर एकमेकांकडे पाठ करून उभे राहायचे. पुन्हा असं काही आलं तर शाळेकडून आणि हेल्पलाइनकडून जे सांगतील ते लेखी घ्या, तारीख-वेळेसकट जपून ठेवा. आणि दुसऱ्याच्या मुलाबद्दल ग्रुपवर लिहायच्या आधी त्या आईला एक फोन करा. फक्त एक.

काही गोष्टी राहिल्या, त्या सांगायला हव्यात. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंड, वेल्स, नॉर्दर्न आयर्लंडचे नियम वेगळे, दिवसही वेगळे. नियम करणारे अगदीच अंधारात होते असंही नाही. 201 शाळा-कॉलेजांत रोज टेस्ट करण्याचा प्रयोग झाला होता, त्यात शाळेतल्या शंभर कॉन्टॅक्टपैकी दोघांनाही पुढे लागण झाली नव्हती. म्हणजे कॉन्टॅक्टना घरी न बसवण्याला आधार होता, तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो. आणि काकूंना, म्हणजे मैत्रिणीच्या सासूबाईंना, ते माझ्या मुलामुळेच झालं की नाही हे कुणीच सांगू शकत नाही. त्या आठवड्यात त्या वर्गातली पाच मुलं घरी होती.

काकू बऱ्या झाल्या, कोल्हापूरला परतल्या. दर दिवाळीला त्यांचा मला फोन येतो, मुलाची चौकशी करतात. सुनेचा विषय त्याही काढत नाहीत, मीही नाही.

ती इथे वाचते हे मला ठाऊक आहे. तर बाई, 7.12 चा मेसेज अजून फोनमध्ये आहे, ये आणि बघ. पगारासाठी पाठवला नव्हता. पण रेष मी पाहिली होती, आणि गुरुवारी सकाळी त्याला गेटवर सोडताना तू समोर उभी होतीस. तुझ्या घरात म्हातारं माणूस आहे हे मला माहीत होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं, डबा घेऊन आल्यावर नाही.