राजापूरला जा, पण रात्री तिथेच राहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीच्या आधी एक शनिवार-रविवार मुंबईहून कोकणात जायचंय, समुद्रकिनारा नकोय, नदीकाठचं जुनं गाव हवंय. बरोबर ६८ वर्षांची आई आणि दहा वर्षांची मुलगी. गाव कोणतं आणि आखणी कशी?

माझं उत्तर राजापूर. आमचं जुनं घर तिथल्या बाजारात होतं, त्यामुळे मी निःपक्षपाती नाही, हे आधीच सांगतो. संगमेश्वर सुचवणारे भेटतील आणि कसब्याचं कर्णेश्वर मंदिर बघण्यासारखं आहे यात वादच नाही. पण गाव म्हणून दोन दिवस पायी हिंडायचं तर राजापूर.

अडचण एवढीच की राजापूर हे बहुतेकांना गोव्याला जाताना हायवेवरून दिसतं. चहा, वडापाव, पुढे. खरं गाव खाली उतारावर आहे, अर्जुना आणि कोदवली या दोन नद्या मिळतात तिथे. वरून जाणाऱ्याला ते दिसतच नाही.

आज तुम्हाला पटणार नाही, पण हे बंदर होतं. समुद्र वीसेक किलोमीटर लांब, जैतापूरला. तरी भरतीच्या पाण्यावर गलबतं खाडीतून आत यायची. घाटावरचं कापड आणि मिरी अणुस्कुऱ्याच्या घाटाने बैलांच्या पाठीवर खाली यायची आणि इथून जहाजात चढायची. म्हणून तर १६४९ च्या सुमारास इंग्रजांनी इथे वखार घातली. पुढे खाडी गाळाने भरत गेली. एकोणिसाव्या शतकातल्या गॅझेटियरमध्ये लिहिलंय की अरबांची जहाजं अजून थेट या बंदराशी व्यापार करतात, पण जरा मोठं जहाज असलं की ते जुन्या दगडी धक्क्याच्या तीन मैल अलीकडेच थांबतं. त्याच नोंदीत राजापूरला कोकणातलं सगळ्यात जुनाट दिसणारं आणि सगळ्यात नीट टिकलेलं गाव म्हटलंय. समुद्राने पाठ फिरवली म्हणून गाव तसंच राहिलं, असं माझं मत.

वखार बघायची म्हणून मात्र जाऊ नका, निराश व्हाल. तिची गोष्ट मुलीला सांगा. पन्हाळ्याचा वेढा आणि पावनखिंड तिला शाळेत झालीच असेल. १६६० च्या त्या वेढ्यात सिद्दी जौहरच्या मदतीला तोफ आणि दारूगोळा घेऊन जे इंग्रज गेले, ते याच राजापूरच्या वखारीतले. हेन्री रेव्हिंग्टन त्यांचा म्होरक्या. पन्हाळ्यावर मारा करताना त्यांनी आपलं निशाणही फडकावलं होतं. महाराज ते विसरले नाहीत. १६६१ मध्ये राजापूरवर आले, वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसकट इंग्रजांना कैद करून नेलं. सुटायला त्याला १६६३ उजाडलं. नदीकाठी उभं राहून हे सांगितलंत तर दहा वर्षांचं मूल कान टवकारून ऐकतं, हा स्वानुभव. माझ्या भाच्याने तर विचारलं होतं, "मामा, तोफ घाटावर नेली कशी?" मला सांगता आलं नाही.

आता प्रवास. दादरहून सुटणारी तुतारी एक्सप्रेस राजापूर रोड स्टेशनला थांबते. पण ती रात्री बाराच्या पुढे, ००:०५ ला सुटते. म्हणजे तुम्ही 'शुक्रवारी रात्री' निघणार असाल तर तिकीट शनिवारच्या तारखेचं काढायचं. यात फसलेली माणसं मी दर वर्षी बघतो, त्यात आमच्याच घरातली दोन. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि दिवाळीजवळचा आठवडा असेल तर त्याच सकाळी बसा. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरमध्ये बदलतं, तेव्हा गाडीची वेळ निघायच्या आठवड्यात पुन्हा एकदा तपासा.

स्टेशन गावाजवळ नाही. चांगलं पंधरा-अठरा किलोमीटर आहे. उतरल्यावर रिक्षा मिळेल या भरवशावर आईंना घेऊन उभे राहू नका. जिथे राहणार त्यांनाच रिक्षा पाठवायला सांगा.

राहण्याचं म्हणाल तर एकच सूचना: खोली गावात घ्या, हायवेवर नको. मी एकदा पाहुण्यांसाठी 'रिव्हर व्ह्यू' असं लिहिलेली खोली फोनवरून घेतली. जागेचं नाव घेत नाही. पडदा बाजूला केला तर समोर हायवे, आणि नदी बघायची तर गच्चीवर जाऊन पाण्याच्या टाकीवर चढायला हवं. रात्रभर ट्रक. पैसे परत मागितले तर मालक म्हणाला, "नदी हायच ना वो पलीकडं." होती खरी.

शनिवार पूर्ण गावाला द्या. सकाळी पोचून आंघोळ-नाश्ता झाला की धूतपापेश्वर. गावापासून तीनेक किलोमीटर, धोपेश्वरला. मृडानी नदीच्या दरीत देऊळ आहे आणि समोरच नदी कातळावरून खाली उडी घेते. त्याला कोटितीर्थ म्हणतात. याच ऋतूत जा म्हणण्याचं खरं कारण हे. पावसाळ्यात तिथे आवाजापुढे बोलणं ऐकू येत नाही, उन्हाळ्यात नुसता कातळ. ऑक्टोबरात पाणी नितळलेलं असतं आणि धारही असते. सभामंडपातले लाकडी खांब मुलीला हात लावून बघू दे. देवळाकडे पायऱ्या उतरून जावं लागतं, त्यामुळे आईंचे गुडघे दुखत असतील तर ऊन चढायच्या आत जा आणि परत चढायला वेळ ठेवा. धबधब्याजवळच्या खडकांवर या दिवसांत अजून शेवाळं असतं. तिथे फोटोसाठी पाय टाकू नका.

दुपारी जेवून झोपा. हे गमतीत नाही सांगत. ऑक्टोबरचं कोकणातलं ऊन अंगाला चिकटतं, बारा ते चार बाहेर पडण्यात अर्थ नाही. शिवाय परतीचा पाऊस रेंगाळला असेल तर संध्याकाळी चारच्या सुमारास गडगडाट करून तासभर कोसळतो आणि निघून जातो. छत्री ठेवाच.

मग संध्याकाळी बाजारात. जवाहर चौकापासून सुरुवात करा. दर पावसाळ्यात बातम्यांत 'राजापूरच्या जवाहर चौकात पाणी' असं येतं ना, तोच हा चौक. ऑक्टोबरात गेलात तर दुकानांच्या फळ्यांवर, भिंतींवर त्या वर्षीच्या पुराची रेघ बहुतेक दिसेल, गाळाची, तांबूस, आणि सरळ इतकी की जणू कुणी ओळंबा लावून ओढलीय. आमच्या घरात जिन्याच्या भिंतीवर वडील दर पुरानंतर खिळ्याने खूण करायचे. सगळ्यात वरची खूण माझ्या डोक्याच्याही वर होती. पाणी चढायला लागलं की आधी वह्या आणि तराजू माळ्यावर, मग साखरेची पोती, मग बाकी माल. मीठ वर न्यायला कुणी धजायचं नाही, ते भिजून आधीच जड झालेलं असायचं. कुठल्याही जुन्या दुकानदाराला नुसतं विचारा, "यंदा पाणी कुठवर आलं?" पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलावं लागणार नाही.

बाजारातून वर चढणाऱ्या जांभ्या दगडाच्या पाखाड्या, म्हणजे पायऱ्यांच्या वाटा, आहेत. त्यांतली कुठलीही धरा. वाट चुकली तरी उतार नदीलाच आणून सोडतो. जमलं तर एक राजापुरी पंचा घ्या. आंघोळीनंतर अंग पुसायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, हे पुन्हा माझं पक्षपाती मत.

जेवणाचं फार लांबवत नाही. नवरात्र संपलेलं असलं तर मासे खा. या दिवसांत बांगडा चांगला मिळतो. खाडीचे मुडदुशे (मासे) किंवा कुर्ल्या (खेकडे) कुठे मिळाल्या तर पापलेट-सुरमईच्या थाळीकडे बघूही नका. आई शाकाहारी असतील तर कुळथाची पिठी, भाकरी आणि सोलकढी आधी सांगून करून घ्यावी लागते, ऐनवेळी बहुतेक ठिकाणी पनीर पुढे येतं.

रविवारी सकाळी लवकर उन्हाळ्याला जा. उन्हाळे हे गावाचं नाव, अर्जुनेच्या पलीकडे, गरम पाण्याच्या झऱ्यावरून पडलेलं. आईंना तिथे पाय बुडवून बसायला आवडेल. तिथूनच वर राजापूरची गंगा. चौदा कुंडं आहेत आणि एरवी ती कोरडी असतात. साधारण तीन वर्षांनी गंगा येते असं म्हणायची पद्धत होती, अलीकडे तिने तोही नेम सोडलाय. जमिनीखालच्या पोकळ्यांत पाणी ठरावीक पातळीपर्यंत साठलं की वक्रनलिकेसारखं (सायफनसारखं) ओढलं जाऊन वाहतं, असं आम्हाला गुरुजी समजवायचे. आजी म्हणायची, गंगामाई माहेरपणाला येते, तिला कोण तारीख विचारणार? निघण्याआधी फोन करून गंगा आहे का विचारा. असली तर गर्दी धरूनच चाला. नसली तरी कोरडी कुंडं बघायला दहा मिनिटं काढा, मुलीला उलट तेच जास्त विचित्र वाटेल.

इथे माझी एक चूक सांगतो. एकदा पुण्याच्या चुलतभावाला घेऊन एका रविवारात मी उन्हाळे, देवाचे गोठणे, बारसूचा सडा (म्हणजे कातळाचं पठार), आडिवरे, कशेळी, यशवंतगड आणि आंबोळगड एवढं सगळं केलं. सातही ठिकाणी गेलो. संध्याकाळी वहिनींना विचारलं काय आवडलं, तर म्हणाल्या, "गाडीतली झोप." तेव्हापासून मी पाहुण्यांना रविवारी उन्हाळ्यानंतर एकच दिशा देतो: आडिवरे-कशेळी.

आडिवऱ्याला महाकालीचं देऊळ. तिथून पुढे कशेळीला कनकादित्य, म्हणजे सूर्याचं देऊळ, कोकणात तसं दुर्मीळच. शिलाहार राजा दुसरा भोज याने ११९१ मध्ये दिलेल्या दानाचा ताम्रपट या देवस्थानाकडे आहे. मूर्ती गुजरातेतल्या प्रभासपाटणहून जहाजातून आली आणि किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली गेली, अशी आख्यायिका. ती जागा म्हणजे देवघळी. तुम्हाला समुद्र नको आहे, पण तिथे वरून पाच मिनिटं बघायला हरकत नाही.

कशेळीच्या सड्यावर कातळात कोरलेला हत्ती आहे, साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर उंच. त्याच्या पोटात आणि भोवती इतर प्राणी कोरलेत. मासे शोधायला मुलीला सांगा, तेवढ्यात तुमचा अर्धा तास जाईल. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली, त्यात कशेळीही आहे. काहींचा काळ मध्याश्मयुगापर्यंत मागे नेला जातो. एक अडचण: ऑक्टोबरात सड्यावर गवत गुडघ्यापर्यंत असतं आणि अनोळखी माणूस हत्तीच्या शेपटीवर उभा राहून हत्ती शोधत बसतो. गावातला कुणीतरी बरोबर घ्या आणि त्याला त्याचे पैसे द्या. आणि चपला घालून जाऊ नका. कातळावर फुरसं (विषारी साप) असतं, दगडाच्याच रंगाचं, वीतभर-दीडवीत, आणि ते अंगावर पाय पडेपर्यंत हलत नाही. बूट घाला, दगड उलटवू नका, मुलीला पुढे पळू देऊ नका. इतकं पाळलं की झालं.

बारसूला दोन वाघांच्या मधे उभा असलेला माणूस आहे, आणि देवाच्या गोठण्याला एका शिल्पाजवळ होकायंत्राची सुई भरकटते. भाच्याने तिथे शाळेच्या कंपासपेटीतलं छोटं होकायंत्र ठेवलं तेव्हा उत्तर दिशा बघता बघता बाजूला सरकली, आणि तो ते उचलून पुन्हा पुन्हा ठेवत राहिला. पण ही दोन्ही पुढच्या खेपेला ठेवा.

कशेळीहून राजापूरला परत फिरायची गरज नाही. सामान सकाळीच भाड्याच्या गाडीत टाका आणि पूर्णगडावरून पावसकडे निघा. पावसला स्वामी स्वरूपानंदांचा मठ आहे, आई तिथे शांत बसतील. तिथून रत्नागिरी स्टेशन जवळ आणि मुंबईकडे गाड्याही जास्त, म्हणून परतीचं तिकीट राजापूर रोडऐवजी रत्नागिरीहूनच काढा.

वाटेत सगळीकडे भातकापणी चालू असेल. रस्त्याच्या कडेला पेंढा आणि भात वाळत घातलेलं दिसलं तर ड्रायव्हरला गाडी हळू घ्यायला सांगा, त्यावरून चाक गेलं की शिव्या तुम्हाला पडतील, त्याला नाही.