जास्त लोकांचं भलं होत असेल तर थोड्यांवर अन्याय केलेला चालतो का?

तुम्ही विचारलंय की लाखोंचं भलं आणि मोजक्यांचं नुकसान होत असेल तर ते काम योग्य ठरतं का, की कर्तव्य मोडलं म्हणजे परिणाम कितीही चांगला आला तरी ती चूकच. माझ्या आजीचं सासर कोयना धरणाच्या पाण्याखाली आहे, त्यामुळे हा प्रश्न मी घरातच ऐकत वाढलो.

आधी परिणाम बघू. कोयनेचे सगळे टप्पे मिळून 1,960 मेगावॉट वीज तयार होऊ शकते. त्या विजेवर कारखाने उभे राहिले, लाखो घरांत दिवे लागले. बेंथॅम आणि मिल या इंग्रज तत्त्वज्ञांच्या ‘जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख’ या मापाने मोजलं तर पारडं कुठे झुकतं ते उघड आहे. धरण नकोच होतं, असं तर आजीही कधी म्हणाली नाही.

ती सांगायची ते वेगळंच. गाव सोडताना जातं बैलगाडीत चढवलं, पण तुळशीवृंदावन काही हलेना. मग तिने त्यातली मूठभर माती पदरात बांधून आणली. आयुष्यभर चिखलात भात लावलेली ती बाई, मुरमाड माळावर येऊन पडली. सातबाऱ्यावर नाव लागावं म्हणून आजोबा तलाठ्याकडे खेटे घालत राहिले, त्यातच त्यांची हयात गेली.

परिणामवादी म्हणतील, हे दुःखही हिशेबात धरा. धरलं. तरी बेरीज विजेच्याच बाजूने येते. माझा आक्षेप नेमका इथे आहे. बेरीज जमली म्हणून आजोबांना दिलेला जमिनीचा शब्द फिटला का? माणसाला नुसतं साधन म्हणून वापरू नका, असं जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणतो. त्याचा अर्थ मला त्या खेट्यांमधून कळला.

हा वाद कोयनेच्याही आधीचा. मुंबईला वीज देणाऱ्या धरणाविरुद्ध 1921 साली मुळशीत सत्याग्रह झाला, तेव्हा सेनापती बापटांसोबतचे तिथले शेतकरी ‘जान किंवा जमीन’ म्हणत होते. मी तितका टोकाला जात नाही. संमतीशिवाय काहीच बांधायचं नाही म्हटलं तर तहानलेल्या गावांना पाणी कुठून देणार? पण राज्यात पुनर्वसनाचा कायदा आला 1976 साली, आणि कोयनेचं पाणी त्याच्या कितीतरी आधी चढलं होतं. कोयनेचे धरणग्रस्त तर त्यानंतरही जमिनीसाठी रस्त्यावर बसत आलेत.

धरणग्रस्तांच्या चळवळीत एक घोषणा आहे, ‘आधी पुनर्वसन, मग धरण’. माझं उत्तर तेच आहे. भिंत तीच, वीज तीच, पण आधी जमीन हातात देऊन मग पाणी चढवलं असतं तर त्याच धरणाला मी योग्य म्हटलं असतं. जसं झालं तसं मी त्याला चूक म्हणतो. वीज दोन वर्षं उशिरा आली असती तरी चाललं असतं.