वाचक विचारतात : बोअरमधला तवंग गेला, पण जमिनीतलं डिझेल?

प्रश्न : जनरेटरसाठी आमच्याकडे 10,000 लिटरची जमिनीखालची डिझेल टाकी आहे. हिशोबात दर महिन्याला थोडी घट येते. पहिल्या पावसात कुंपणालगतच्या गटारात रंगीत तवंग दिसला. खणायला कुठून सुरुवात करू? (एक वाचक, रबाळे)

खणणं नंतर, आधी गळती बंद करा. डिपस्टिकवर विसंबू नका. 2 मीटर व्यासाच्या अशा आडव्या टाकीत मध्यावर एक मिलिमीटर म्हणजे सहा लिटरहून जास्त डिझेल. दिवसाला दोन लिटरची गळती त्या पट्टीवर दिसणारच नाही. टाकी आणि पाइपलाइन वेगळ्या करून दोन्हींची गळती-चाचणी जाणकार एजन्सीकडून करून घ्या. टाकीत वाफा असताना कॉम्प्रेसरची हवा भरून चाचणी करायला जाऊ नका, स्फोट होऊ शकतो. टाकी शाबूत निघाली तर जमिनीखालचे पाइपचे सांधे आणि टँकर रिकामा होतो ती भरण्याची जागा तपासा.

त्याच दिवशी गटारात तेल शोषणारे बूम, म्हणजे पाण्यावर आडवे तरंगणारे लांब गुंडाळे, टाका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी कळवा. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले नाले शेवटी खाडीलाच मिळतात, आणि ठाणे खाडी 2022 पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. गटारात साबणाची पावडर मात्र टाकू नका. तेल बारीक थेंबांत फुटतं, मग बूमला आणि तेल-पाणी वेगळं करणाऱ्या ऑइल सेपरेटरलाही ते धरता येत नाही.

त्यानंतर पाणी आणि तेल तपासण्यासाठी किमान तीन निरीक्षण बोअर घ्या, एका ओळीत नव्हे, त्रिकोणात. पाणी कुठल्या दिशेला वाहतंय ते तीन जागच्या पाण्याच्या पातळ्यांशिवाय कळत नाही. पारसिकच्या डोंगराकडून खाडीकडे उतार आहे म्हणून तेलही तिकडेच गेलं असेल, असं धरून चालू नका. भरणी आणि मुरूम संपला की खाली काळा कातळ लागतो. त्यात पाणी भेगांच्या वाटेने जातं, आणि भेगा जमिनीचा उतार बघत नाहीत.

प्रश्न : मे महिन्यात आमच्या बोअरमध्ये 40 सेंटिमीटर डिझेलचा थर होता. ऑगस्टमध्ये काहीच नाही. साइट साफ झाली असं ठेकेदार सांगतो आणि शेवटचं बिल मागतो. द्यायचं का? (एक वाचक, महापे)

थांबा. दोन शक्यता आहेत, आणि दोन्हींत डिझेल जमिनीतच असतं.

पहिली शक्यता बोअरच्या बांधणीची. चिरा असलेला पाइप, म्हणजे स्क्रीन, किती खोलीवर सुरू होतो ते बोअरच्या नोंदीत बघा. समजा चिरा 3 मीटरपासून खाली आहेत आणि पावसाळ्यात पाणी 1 मीटरवर आलं. तेल तरंगतं पाण्याच्या माथ्यावर, तिथे पाइप बंद आहे. ते आत येणार कुठून? बोअर घेतानाच स्क्रीन उन्हाळ्यातल्या सर्वांत खोल पातळीपासून पावसाळ्यातल्या सर्वांत वरच्या पातळीपर्यंत हवा. भोवती धुतलेली वाळू, वर बेंटोनाइटचा (पाण्याने फुगणाऱ्या मातीचा) पक्का थर आणि तोंडाशी सिमेंट. हा बेंटोनाइटचा थर नसेल तर पावसाचं पाणी पाइपलगत थेट खाली उतरतं आणि नमुनाच खोटा ठरतो.

दुसरी शक्यता जमिनीची. उन्हाळ्यात पाणी खाली जातं, तेल त्याच्यामागे उतरतं आणि मोकळं होऊन पाइपात जमतं. पावसाळ्यात पाणी चढतं तेव्हा तेच तेल मुरमाच्या पोकळ्यांत थेंबाथेंबांनी अडकून पाण्याखाली राहतं. हलत नाही, म्हणून पाइपात येत नाही. पाणी उतरलं की ते परत दिसतं. पाइपातला तेलाचा थर वर्षभर मोजा, दर महिन्याला आणि त्याच बोअरमध्ये. निदान एक पूर्ण उन्हाळा पाइपात तेल न दिसता गेल्याशिवाय शेवटचं बिल देऊ नका.

उलट बाजूही लक्षात ठेवा : पाइपातले 40 सेंटिमीटर म्हणजे जमिनीत 40 सेंटिमीटर नव्हे. बारीक मातीत जमिनीतला खरा थर पाइपातल्यापेक्षा बराच पातळ असतो. शिवाय तेलाच्या वजनाने पाइपातलं पाणी दबतं. तेलाचा माथा 3.20 मीटर खोलीवर आणि तेल-पाण्याची सीमा 3.60 वर असेल, तर 40 ला डिझेलच्या घनतेने, 0.83 ने गुणा : 33 सेंटिमीटर. ते 3.60 मीटरमधून वजा करा, म्हणजे पाण्याची खरी पातळी 3.27 मीटर. ही दुरुस्ती न करता नकाशा काढला की प्रवाहाची दिशा चुकते आणि पुढचे बोअर नको तिथे पडतात.

प्रश्न : 'पाण्यात जिवाणूंची पावडर घालून बोअरमध्ये सोडा, डिझेल खाऊन टाकतील' असं एक कंपनी सांगते. खरं का? (एक वाचक, तुर्भे)

डिझेल खाणारे जिवाणू डिझेल मुरलेल्या जमिनीत बहुधा आधीपासूनच असतात. कमी पडतो तो प्राणवायू. एक लिटर डिझेल पूर्ण पचवायला सुमारे 2.8 किलो प्राणवायू लागतो. आपल्याकडच्या तापमानाला एक लिटर पाण्यात जेमतेम 8 मिलिग्रॅम विरघळतो. हिशोब करा : एका लिटर डिझेलसाठी साडेतीन लाख लिटर पाणी! तोच प्राणवायू सुमारे 10 घनमीटर हवेत मिळतो. म्हणून आधी तरंगणारं तेल स्किमरने (वरचं तेल उपसणाऱ्या यंत्राने) काढा, मग पाण्याच्या पातळीवरच्या मुरमात ब्लोअरने हळू हवा द्या. पेट्रोलसारखं नुसती वाफ ओढून काढणं डिझेलला फारसं लागू पडत नाही, त्याची वाफ कमी होते. याच कारणाने वाफ मोजणाऱ्या मीटरवर आकडा छोटा आला तरी माती स्वच्छ आहे असं समजू नका, नमुना प्रयोगशाळेत पाठवा.

प्रश्न : टाकी काढताना निघालेली माती रस्त्याच्या भरणीला देऊ का? (एक वाचक, पावणे)

नाही. डिझेल मुरलेली माती घातक कचरा म्हणून धरा. 2016 च्या नियमांनुसार ती 90 दिवसांपर्यंत साठवता येते आणि मॅनिफेस्टसह, म्हणजे कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदपत्रासह, अधिकृत केंद्रातच जायला हवी. तोवर एचडीपीईच्या जाड प्लास्टिक कागदावर ठेवा, वरून ताडपत्री घाला आणि भोवती बांध करा. उघडा ढीग एका सरीत पुन्हा गटारात उतरतो. खड्ड्यात माणूस उतरवण्याआधी गॅस मीटर लावा. हवेतली वाफ पेट घेऊ शकते त्या किमान प्रमाणाच्या, म्हणजे स्फोटक मर्यादेच्या, 10 टक्क्यांवर आकडा गेला तर सगळे बाहेर, ग्राइंडर आणि वेल्डिंग बंद.