बातमीदारी मला नवीन, मॅडमनाही नवीन

प्रिय विद्यार्थिनी,

कॉलेजच्या पाक्षिकाचं काम तुझ्याकडे आलंय. देखरेख करणाऱ्या मॅडम भाषा शिकवतात आणि बातमीदारी दोघींनाही नवीन. दोघींना उपयोगी पडेल असं काय वाचावं, आणि पुढे पत्रकारितेत जायला हे काम कामी येईल का, असं तू विचारलंस. शिक्षकांसाठीही मदत मागणारं पत्र क्वचितच येतं, म्हणून विशेष आनंद झाला.

सोबत पाठवलेली ग्रंथालयाची बातमी वाचली. ‘वेळ कमी केल्याने विद्यार्थ्यांत तीव्र नाराजी’ असं तू लिहिलंस. मॅडमनी पेन्सिलीने त्याचं ‘प्रचंड असंतोष’ केलं. वाक्य भारदस्त झालं, पण बातमी होती तिथेच राहिली. तू किती जणांशी बोललीस? वेळ कधीपासून कमी झाली? ग्रंथपालांचं म्हणणं काय? मॅडमना माझी कळकळीची विनंती आहे: शब्द बदलू नका, समासात प्रश्न लिहा आणि कॉपी परत द्या. विद्यार्थी त्या प्रश्नांमागे पुन्हा बाहेर पडतो तेव्हाच तो वार्ताहर व्हायला लागतो.

त्यासाठी मॅडमना युनेस्कोची चुकीच्या माहितीविषयीची २०१८ची पुस्तिका दे. ती पत्रकारिता शिकवणाऱ्यांसाठीच लिहिलेली आहे, मोफत मिळते आणि तिच्यात ७ प्रकरणं आहेत. पाचव्यापासून सुरुवात करा, ते तथ्यतपासणीचं आहे. सहावं सोशल मीडियावरच्या मजकुराच्या आणि फोटोंच्या पडताळणीचं. ही दोन दोघींनी मिळून केलीत तरी पहिलं सत्र सत्कारणी लागेल.

अमेरिकेतल्या सोसायटी ऑफ प्रोफेशनल जर्नलिस्ट्सची आचारसंहिता छापून भिंतीवर लावा. सत्य शोधून मांडणं, कमीत कमी इजा करणं, कुणाच्या दबावाखाली न येणं आणि चूक झाली तर उघडपणे मान्य करणं, ही तिची चार सूत्रं. तिथलंच स्टुडंट प्रेस लॉ सेंटर १९७४पासून विद्यार्थी-पत्रकारांना मोफत कायदेशीर मार्गदर्शन देतं. कायदा देशागणिक बदलतो, त्यामुळे तिथली उत्तरं जशीच्या तशी घेऊ नका. पण बदनामी, दुसऱ्याचा फोटो वापरणं, बातमीला लागणारी कात्री असे कोणते प्रश्न पुढे येऊ शकतात, ते तिथे कळतं. एखाद्या संस्थेने संकेतस्थळावरून मजकूर काढून टाकला असेल, तर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जुनी प्रत शोध, पुष्कळदा मिळते.

आता तुझा दुसरा प्रश्न. हो, उपयोग नक्की होईल. इंटर्नशिपसाठी बहुतेक ठिकाणी छापून आलेलं काम मागतात. कात्रणं तर ठेवच, पण प्रत्येक बातमीची वहीही जप: कुणाशी कधी बोललीस, कोणता कागद पाहिलास, काय गाळलंस आणि का. ‘हे तुला कसं कळलं?’ असं कुणी विचारलं, तर ती वहीच उत्तर देईल.

ग्रंथपालांना भेटून आलीस की बातमीचा नवा खर्डा मला पाठव, मॅडमच्या समासातल्या प्रश्नांसकट.