टमी टक (पोटाची सैल कातडी काढून पोट घट्ट करण्याचं ऑपरेशन) होऊन बारा दिवस झाले, बेंबीखाली टाके मध्येच उघडून पिवळसर पाणी येतंय. ऐरोलीत राहते, सर्जन ठाण्याला आहेत, शुक्रवारच्या तपासणीपर्यंत थांबू का?

थांबू नका, आजच सर्जनला जखम दाखवा. ठाण्याला लगेच जाणं जमत नसेल तर निदान फोटो पाठवून फोन करा. मी सर्जिकल वॉर्डात ड्रेसिंग करणारी नर्स आहे. बहुतेकदा हीच मधली जागा उघडते, कारण तिथे कातडीवर ताण जास्त आणि रक्तपुरवठा कमी असतो. तंबाखू, मिश्री, सिगारेट किंवा वाढलेली साखर असेल तर आणखीच. पातळ पिवळसर पाणी बऱ्याचदा कातडीखाली साचलेलं, म्हणजे सिरोमाचं असतं. लहान फट नुसत्या ड्रेसिंगनेही भरते, पण काही आठवडे लागतात. हळद, पावडर काहीही लावू नका, कृपा करून. मात्र ताप, पू, दुर्गंधी, पसरणारी लाली, काळी पडलेली कड, पोटरीला सूज किंवा धाप असेल तर फोनवर विसंबू नका, थेट इमर्जन्सीत जा.